अल्फाफोल्ड असलं तरी कूट शिकूनच ये

पुण्यात एमएस्सी झाली, ऑक्टोबरपासून केंब्रिजला क्रायो-ईएमवर (गोठवलेल्या प्रोटीनचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने फोटो घेऊन त्याच्या आकाराचा त्रिमितीय मॅप बनवणं) पीएचडी. प्रोटीनच्या आकाराचा अंदाज देणारं अल्फाफोल्ड हे एआय असताना, मॅपमध्ये मॉडेल हाताने बसवायची कूट आणि आयसोल्ड ही सॉफ्टवेअर शिकण्यात वेळ घालवू का आणि त्यासाठी गेमिंग लॅपटॉप घेऊ का, असं तू विचारलंयस.

लॅपटॉपचं आधी. नको घेऊस. आयसोल्डला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं हे खरं, कारण तू माऊसने अणू ओढत असताना मागे सतत मॉलिक्युलर डायनॅमिक्स (अणूंच्या हालचालींचं गणित) चालू असतं. पण तसली मशिनं लॅबमध्ये असतात. तीन बटणांचा साधा माऊस मात्र बॅगेत टाक. ट्रॅकपॅडवर कूट चालवणं म्हणजे चमच्याने पोळ्या लाटणं.

शिकायचं मात्र नक्की, आणि तिथूनच शिकून ये. दोन्ही सॉफ्टवेअर शैक्षणिक कामाला फुकट आहेत. अल्फाफोल्ड सुरुवातीचं मॉडेल देतं, त्याने महिने वाचतात, नाही म्हणत नाही. पण तुझ्या मॅपमध्ये प्रोटीन ज्या अवस्थेत सापडलंय ती त्याला ठाऊक नसते. एखादं डोमेन (प्रोटीनचा स्वतंत्र भाग) वळलेलं असतं, कुठे लिगँड (प्रोटीनला चिकटणारा रेणू) बसलेला असतो. आणि पीएलडीडीटी (अल्फाफोल्डला स्वतःच्या अंदाजाची किती खात्री आहे त्याचा 100 पैकी आकडा) 50 च्या खालचे लूप म्हणजे नुसत्या शेवया, ते आधी काढूनच टाक.

माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी 3.4 अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनच्या मॅपमध्ये एक हेलिक्स (प्रोटीनच्या साखळीची गुंडाळी) बसवली. रिबन (साखळीची फीत) चपखल, रामचंद्रन प्लॉट (साखळीचे कोन शक्य आहेत का ते दाखवणारा आलेख) स्वच्छ. (1963 साली मद्रासहून आलेल्या त्या प्लॉटला इथे सगळे लाडाने 'रामा' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच होते.) लॅब मीटिंगमध्ये गाईडनी एवढंच विचारलं, "हा ट्रिप्टोफॅन कुठे चाललाय?" झूम केलं, तर त्या जाडजूड अमिनो आम्लाची कडी मॅपबाहेर अधांतरी, आणि शेजारी जिथे मी ग्लायसिन हे सगळ्यात चिमुकलं अमिनो आम्ल ठेवलं होतं तिथे भलामोठा फुगवटा रिकामा. मागच्या लूपमध्ये मी एक अमिनो आम्ल जास्तीचं कोंबलं होतं. तिथून पुढे अख्खी हेलिक्स एक घर सरकलेली. सरकलेली हेलिक्सही हेलिक्सच असते, रामाला काय कळणार! आयसोल्डमध्ये रजिस्टर शिफ्टचं (साखळी घराघराने सरकवायचं) साधन आहे, त्याने ती जागेवर आली. लूप मात्र कूटमध्ये एकेक पेप्टाइड (दोन अमिनो आम्लांमधला जोड) उलटवत बसावं लागलं, दोन दिवस गेले.

म्हणून सराव असा कर: ईएमडीबी या मॅपच्या खुल्या संग्रहातून 3 ते 3.5 अँगस्ट्रॉमचा मॅप आणि पीडीबी या मॉडेलांच्या संग्रहातून त्याचं मॉडेल उतरव. मधली दहा अमिनो आम्लं उडव आणि मूळ न बघता फक्त मॅपवरून पुन्हा बांध. मग ताडून बघ. ट्रिप्टोफॅन, फेनिलअ‍ॅलानिन अशा जाडजूड साइडचेन (अमिनो आम्लाची बाजूला निघणारी शाखा) आधी शोध, त्या खुणेच्या खुंट्या. आयसोल्डमध्ये जोरात ओढाओढी नको. चुकीच्या खड्ड्यातही मॉडेल आरामात बसतं आणि आकडे छान दिसतात. मोठा भाग हलवायचा असेल तर आधी डिस्टन्स रिस्ट्रेंट (अणूंमधली अंतरं धरून ठेवणारी बंधनं) लाव.

लॅपटॉपचे पैसे राखून ठेव. स्टुडंट व्हिसाच्या अर्जासोबत हेल्थ सरचार्ज (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आकार) भरावा लागतो, माझ्या माहितीप्रमाणे वर्षाला 776 पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. आणि ऑफरमध्ये अ‍ॅटास (काही संशोधन विषयांसाठी लागणारी ब्रिटिश सरकारची परवानगी) लागेल असं लिहिलंय का ते आजच बघ, त्याला आठवडे जातात.