वाचकांचे प्रश्न : धुतलेल्या कपड्यांना कुबट वास का येतो?

पावसाळा सुरू झाला की या सदराच्या टपालात वॉशिंग मशीनच्या वासाची तक्रार हमखास येते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची मुळे त्याच उत्तरात सापडतात.

प्रश्न : आमचे वरून कपडे टाकायचे साडेसहा किलोचे फुल्ली ऑटोमॅटिक मशीन चार वर्षांचे आहे. कपडे वाळवून, घडी करून कपाटात ठेवले की काहीच वास येत नाही. पण यजमान तोच शर्ट घालून सकाळच्या लोकलला उभे राहिले, थोडा घाम आला, की अर्ध्या तासात ओल्या पोतेऱ्यासारखा कुबट वास सुटतो. पावडर वाढवली, वरून सुवासिक कंडिशनर घालू लागले, तरी फरक नाही. अलीकडे पांढऱ्या ओढणीवर काळे बारीक कण चिकटलेले दिसतात. मशीन आतून तर चकचकीत आहे. मग वास येतो कोठून? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

उत्तर : आपल्याला जो चकचकीत दिसतो तो आतला, भोके असलेला स्टीलचा टब होय. त्याच्या बाहेर प्लास्टिकचा दुसरा टब असतो आणि धुण्याचे पाणी खरे तर त्या बाहेरच्या टबात भरलेले असते. या दोहोंमधली बोटभर रुंदीची फट आपल्याला कधीच दिसत नाही, तिथे हात जात नाही आणि ती पूर्ण वाळतही नाही. कपड्यांतून सुटलेला त्वचेचा ओशटपणा, सुताचे तंतू, न विरघळलेली पावडर आणि कंडिशनरमधला मेणचट अंश या फटीत थरावर थर बसत जातो. त्या थरात जिवाणू आणि बुरशी वस्ती करतात, स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात आणि दर धुण्याला त्यातले थोडे कपड्यांवर सोडतात. ओढणीवरचे काळे कण म्हणजे या थराचे सुटलेले पोपडे आहेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरचे मशीन दुरुस्तीसाठी उघडले, तेव्हा आतला टब बाहेर काढलेला मी जवळून पाहिला. तळाशी फारसे काही नव्हते. पाण्याच्या घुसळणीने तो भाग बराचसा धुतला जात असावा. पण वरच्या कडेजवळ, जिथे फेस उडून चिकटतो आणि पाणी क्वचितच पोहोचते, तिथे राखाडी-काळ्या रंगाचा, बोटाने खरवडला तर लोण्यासारखा निघणारा थर होता आणि त्यात शर्टाचे एक बटण रुतून बसले होते. ते मशीन रोज वापरात होते आणि वरून पाहणाऱ्याला स्वच्छच वाटत होते.

आता शर्टाला वास घामानंतरच का येतो, ते पाहू. जपानमधील काओ या कंपनीच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासाचे मुख्य कारण म्हणून मोराक्सेला ओस्लोएन्सिस या जिवाणूकडे बोट दाखवले. कपड्यात उरलेला ओशटपणा खाऊन तो ‘४-मिथाइल-३-हेक्सेनॉइक आम्ल’ हे रसायन तयार करतो आणि ओल्या पोतेऱ्याचा म्हणून आपण जो वास ओळखतो तो याच आम्लाचा. या जिवाणूची चिवट बाजू अशी, की तो कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतो आणि अतिनील किरणांनाही दाद देत नाही. ‘एकदा कडक ऊन दाखवले की झाले’ हा आपला घरोघरचा विश्वास त्याच्या बाबतीत पुरता खरा ठरत नाही. कपाटात तो निजलेला असतो. लोकलमधल्या घामाने त्याला ओल आणि खाद्य दोन्ही मिळाले, की काम पुन्हा सुरू होते. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडात तेलकट अंश घट्ट धरला जातो, म्हणून ऑफिसच्या शर्टांची आणि खेळाच्या बनियनांची तक्रार सुती सदऱ्यांपेक्षा जास्त असते.

पावडर वाढवून वास वाढला असेल तर त्यात नवल नाही. जेवढी पावडर कपड्यांतून निघून जात नाही तेवढी त्या फटीतल्या थराची शिदोरी होते, आणि कंडिशनर तर त्या थराला आयतेच ओशट खाद्य पुरवतो. (सुगंधाने वास झाकण्याची ही सवय जाहिरातींनी लावलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.) आपण जास्त पावडर घालतो का, हे तपासायची सोपी रीत अशी : धुऊन वाळलेले चार टॉवेल मशीनमध्ये टाकावेत, काहीही न घालता पाणी भरून पाच मिनिटे फिरवावेत आणि झाकण उघडून पाहावे. फेसाचा थर दिसला, तर तो मागच्या धुण्यांचा उरलेला साबण आहे. तसे झाल्यास पावडरचे माप निम्म्यावर आणून महिनाभर पाहावे. नेहमीच्या मळाच्या कपड्यांना ते बहुधा पुरते.

दुसरे कारण थंड पाणी. आपल्याकडच्या बहुतेक टॉप लोड मशीनमध्ये हीटर नसतो. टाकीतले पाणी जसे येते तसेच वापरले जाते. त्या पाण्यात ओशटपणा नीट सुटत नाही आणि जिवाणूही मरत नाहीत. त्यासाठी ६० अंशांच्या आसपासचे पाणी लागते. पूर्वी परीट कपडे भट्टीला लावत, म्हणजे सोड्याच्या पाण्यात भिजवून वाफेवर तापवत. त्यामागे केवळ पांढरेपणाचा हट्ट नव्हता, हे आता ध्यानात येते.

चार वर्षांचा थर काढायला सोडियम परकार्बोनेट उपयोगी पडते. डाग काढणाऱ्या, ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींच्या वेष्टनावर हे नाव शोधावे. पाण्यात त्याचे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असे दोन घटक होतात. पहिला ओशटपणा सोडवतो, दुसरा थर फोडतो आणि जिवाणू मारतो. हे काम ४० ते ५० अंशांच्या पाण्यात चांगले होते, गार पाण्यात फारच मंद. जपानमध्ये आपल्यासारखीच वरून उघडणारी, थंड पाण्याची मशीन घरोघरी आहेत आणि तिथे ही सफाई नेमाने केली जाते. त्यांचे प्रमाण दर १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम असे आहे. आपल्या मशीनमध्ये सर्वांत वरच्या पातळीपर्यंत साधारण ५० लिटर पाणी बसते असे धरले, तर अर्धा किलो पावडर लागेल. ती ऐकायला जास्त वाटते. पण हे काम वर्षातून दोन-तीनदा करायचे आहे.

मशीन रिकामे ठेवून पाणी सर्वांत वरच्या पातळीला लावावे. गिझरचे गरम पाणी बादलीने घालावे आणि गार पाणी मिसळून ५० अंशांच्या आसपास आणावे. उकळते पाणी मात्र कधीही ओतू नये, प्लास्टिक आणि रबराला ते मानवत नाही. आधी माहितीपुस्तिका पाहून आपल्या मशीनला गरम पाणी आणि ही पावडर चालते ना, याची खात्री करून घ्यावी. पावडर थोडी-थोडी घालावी, कारण फेस बराच होतो. पाच-सात मिनिटे धुण्याचे चक्र चालवून विरामाचे बटण दाबावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पाण्यावर तपकिरी-काळे पोपडे तरंगत असतील. जपानी लोक त्यांना वाकामे या समुद्रशेवाळाची उपमा देतात, आणि एकदा ते पाहिले की उपमा किती नेमकी आहे ते कळते. ते घरातल्या जुन्या गाळणीने काढून टाकावेत, न काढता पाणी सोडल्यास ते पुन्हा भोकांत अडकतात. मग परत पाच मिनिटे फिरवून, नवे पोपडे आले तर तेही काढून, पाणी सोडावे आणि साध्या पाण्याने दोन वेळा पूर्ण चक्र चालवावे. त्यानंतरच्या एक-दोन धुण्यांत थोडे कण आले तर घाबरू नये. त्या दिवशी पांढरे कपडे लावू नयेत एवढेच.

याच बैठकीत सुताची जाळी आणि पावडरचा खण जुन्या दातघासणीने घासून घ्यावा. तळाची फिरती चकती, म्हणजे पल्सेटर, बऱ्याच मशीनमध्ये मधल्या एका स्क्रूवर असते. दुरुस्ती करणाऱ्याकडून ती एकदा काढून घेतली, तर खाली साचलेला चिखल पाहून आपल्यालाच आश्चर्य वाटेल. ज्या शर्टांना वास मुरला आहे, ते मात्र मशीन स्वच्छ करून सुधारणार नाहीत. बादलीत गरम पाणी घेऊन, कापडाला सोसत असेल तर त्यात याच पावडरचा मोठा चमचाभर घालून, ते तासभर भिजवावेत आणि मग धुवावेत. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना हा प्रयोग करू नये.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. टबाच्या कडेला पांढरा, खरखरीत थर बसतो आणि त्यालाही वास येतो. शेजारणीने सांगितले, की व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र घालून मशीन फिरवावे, एकदम स्वच्छ होते. करून पाहू का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : कृपया करू नका. सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच आणि कोणतेही आम्ल, मग ते व्हिनेगर असो, लिंबूसत्त्व असो किंवा संडास धुण्याचे द्रव, एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो घसा आणि फुप्फुसे जाळतो आणि बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या द्रवातही ब्लीच मिसळू नये.

आपला थर कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचा आहे. हे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारी साय तयार करतात. ती साय खरखरीत थराला धरून बसते आणि तिच्या आडोशाला आधी सांगितलेली जिवाणूंची वस्ती होते. अशा पाण्यात फेस येत नाही म्हणून पावडर वाढवली जाते आणि साय आणखी वाढते. क्षार काढायला आम्लच हवे : १०० ग्रॅम लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून रिकाम्या मशीनमध्ये घालावे, तासभर मुरू द्यावे आणि दोनदा साध्या पाण्याने फिरवावे. परकार्बोनेटची सफाई दुसऱ्या दिवशी, स्वतंत्रपणे करावी, कारण आम्ल आणि सोडा एकत्र घातले तर दोघेही एकमेकांचा जोर मारतात. व्हिनेगर दर आठवड्याला वापरण्याचा सल्ला मी देणार नाही. वारंवारच्या आम्लाने रबराचे भाग लवकर खराब होतात.

प्रश्न : आमच्या कपड्यांना वास नाही, पण सकाळी मशीनचे झाकण उघडले की गटारासारखा भपकारा येतो. सफाईची पावडर दोनदा वापरून झाली. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या मशीनपेक्षा आपल्या मोरीकडे संशय जातो. सांडपाण्याची नळी न्हाणीच्या जाळीतून खोल खाली घातलेली असेल, तर गटारातली हवा त्याच नळीने उलट मशीनमध्ये चढते. मोरीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम असायला हवे. तेच गटाराच्या वाऱ्याला अडवते. ती मोरी फारशी वापरात नसेल तर उन्हाळ्यात हे पाणी उडून जाते. आज रात्री नळी बाहेर काढून वर टांगून ठेवा आणि मोरीचे तोंड प्लास्टिकची पिशवी व ओले फडके यांनी बंद करा. सकाळी मशीनला वास नसेल, तर प्लंबरला बोलवा आणि पावडरचे पैसे वाचवा. ट्रॅप ठीक असला तरी नळीचे टोक पाण्याच्या वर, मोकळ्या हवेत राहील असेच बसवून घ्या.

प्रश्न : पावसात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. मशीनचे झाकण उघडे ठेवावे असे वाचले, पण घरात दोन वर्षांची नात आहे. काय करावे? (एक आजी, रत्नागिरी)

उत्तर : आजी, नातीची काळजी आधी. झाकण पूर्ण उघडे ठेवण्याऐवजी कडेला घडी घातलेला रुमाल अडकवून बोटभर फट ठेवा, प्लग काढून ठेवा आणि नातीला चढता येईल असे स्टूल किंवा बादली मशीनजवळ ठेवू नका. फटीतूनही ओल जाते, फक्त वेळ जास्त लागतो. ती एवढी छोटी आहे तोवर न्हाणीघराचे दार बाहेरून लावून घेणे सर्वांत बरे.

कपड्यांचे म्हणाल, तर धुणे झाल्याबरोबर ते बाहेर काढणे ही निम्मी लढाई आहे. रात्री मशीन लावून सकाळी कपडे काढण्याची सोय पावसाळ्यात महागात पडते, कारण त्या सात-आठ तासांत जिवाणूंना ऊब आणि ओल दोन्ही मिळते. मशीनचा मळक्या कपड्यांची टोपली म्हणून वापरही टाळा, विशेषतः ओले टॉवेल त्यात टाकून ठेवू नका. धुणे संपल्यावर पिळण्याचे चक्र आणखी एकदा चालवा. जेवढे पाणी मशीन काढते तेवढे कोकणातल्या आषाढाच्या हवेला काढावे लागत नाही. दोरीवर कपडे दाटीने घालू नका, दोन कपड्यांत हातभर अंतर ठेवा आणि त्यांच्याकडे पंखा फिरवा. जाड टॉवेल आणि चादरी एकाच दिवशी धुण्याऐवजी दिवसाआड एक-एक काढली, तर घरातल्या एकाच दोरीवर भागते.