चिपाडाचा कोळसा कोब्यात चालेल का?

प्रश्न : कागल तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. चिपाडाचा कोळसा सिमेंटात घातला की काम मजबूत होतं, असं पुतण्या म्हणतो. चुलवाणातली राख गोठ्याच्या कोब्यात घालू का?

उत्तर : दादा, पुतण्या अर्धं बरोबर सांगतोय. चुलवाणात हवा खेळते, चिपाड जळून जातं. उरते ती राख, कोळसा नव्हे. पुतण्या म्हणतो तो कोळसा, म्हणजे बायोचार, करायला चिपाड बंद भांड्यात, हवा जवळपास तोडून, ४०० ते ६०० अंशांवर भाजावं लागतं. मग बराचसा कार्बन धुरावाटे न जाता कोळशातच राहतो.

मी हा कोळसा घरामागच्या पायवाटेच्या ब्लॉकमध्ये घालून पाहिला. पहिल्याच मालाला गवंडी ओरडला, "साहेब, ह्यो नुसता पाणीच पितोय की!" कोळशाला बारीक छिद्रं, तो पाणी ओढणारच. गड्यानं वरून बादली ओतली आणि आठवड्यानं ब्लॉकच्या कडा नखानं सुटायला लागल्या. दुसऱ्या खेपेला कोळसा पिठासारखा दळून, चाळून, आधी भिजवून घेतला. हे मुरलेलं पाणी आतून हळूहळू सुटतं आणि सिमेंट पक्कं व्हायला मदत होते.

५० किलोच्या पोत्याला अर्धा ते एक किलो, म्हणजे १ ते २ टक्के, पुरे. जास्त घातलात तर ताकद उतरते. रंग काळपट येतो, पण म्हशी कुठं तक्रार करतायत! स्लॅब-कॉलममध्ये मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय चिमूटभरही नको. आधी ठोकळे पाडा, ७ आणि २८ दिवसांनी लॅबमध्ये दाबून बघा. कोब्याला पाणी मारणं नेहमीसारखंच.