भाड्यातून हप्ता फिटतो का? आमची पहिली काही वर्षं

तुम्ही विचारलंय, नोकरीला पाच वर्षं झाली, थोडी बचत आहे, तर कोल्हापुरात कर्ज काढून फ्लॅट घ्यावा आणि भाड्यातून हप्ता फेडावा का, आणि ज्यांनी हे केलं त्यांची सुरुवातीची वर्षं कशी गेली? आमचं सांगते.

२०१४ मध्ये सायबर चौकाच्या बाजूला एक वन बीएचके घेतला, १९ लाखांना. १४ लाख कर्ज, २० वर्षांचं, हप्ता १३,६०० च्या आसपास. मी हायस्कूलला शिकवते, नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत आहे. विद्यापीठ जवळ, भाडेकरूंना तोटा नाही, एवढ्यावरच आम्ही उडी घेतली. भाडं ठरलं ६,५००. हप्त्याच्या निम्मंसुद्धा नाही.

आणि तेवढंही हातात राहत नाही, हे पहिल्याच मे महिन्यात कळलं. परीक्षा संपली, पोरं गावी गेली, फ्लॅट रिकामा. म्हणजे वर्षाला अकरा महिन्यांचं भाडं, ७१,५०० रुपये. त्यातून मेंटेनन्सचे ९,६००, घरफाळा ४,५०० च्या घरात, एजंटचं एक महिन्याचं भाडं, रंगकाम, गळका नळ, गेलेली मोटर. वर्षाकाठी ४६ हजारांच्या आसपास उरायचे. १९ लाखांवर अडीच टक्के! तेव्हा बँकेत मुदत ठेवीला साडेआठ-नऊ टक्के मिळत होते. हप्त्याचे बाकीचे जवळजवळ दहा हजार दर महिन्याला आमच्या पगारातून जात. त्या वर्षांत मी मुलीची ट्रिप दोनदा रद्द केली. ते अजून मनात आहे.

कराराच्या बाबतीत मात्र चूक पूर्ण माझी. एजंट म्हणाला, अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे. मी मान डोलावली. तिसऱ्या वर्षी एक भाडेकरू सोडून जाताना म्हणाला, डिपॉझिट वीस नाही, तीस हजार दिलं होतं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. नंतर वकिलांनी समजावलं, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मी तीस हजार परत दिले. तुम्ही ऑनलाईन लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा नोंदणीकृत करार, करा. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, एवढ्यासाठी झोप घालवू नका. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्या.

एवढं होऊनही २०१८ मध्ये दुसरा घेतला. नागाळा पार्कच्या खालच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर, बाजारापेक्षा तीन लाख स्वस्त. स्वस्त का, हे मी विचारलंच नाही. भाडेकरू चांगले मिळाले, बँकेतलं जोडपं आणि त्यांची आई. पुढच्या ऑगस्टमध्ये राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, पंचगंगा वाढत गेली. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पार्किंग बुडालं, मीटर बुडाले, लाईट नाही, प्यायला पाणी नाही. आजींना बोटीतून काढलं. शिरोलीजवळ हायवे बंद, नवरा चार दिवस कारखान्याकडेच अडकलेला. मी त्या तिघांना आमच्या दोन खोल्यांत आणलं. आठ दिवस आजी आणि माझी सासू एकाच दिवाणावर झोपत होत्या.

दोन महिन्यांचं भाडं घेतलं नाही. कसं घेणार? हप्ता मात्र थांबला नाही, सोन्याच्या दोन बांगड्या गहाण पडल्या. त्या आजींच्या सूनबाईंनी नंतर न सांगता दोन महिन्यांचं भाडं खात्यावर टाकलं. मी परत पाठवलं, तर पुन्हा आलं. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा त्यांनी घर सोडलं आणि २०२२ मध्ये आम्ही तो फ्लॅट घेतलेल्या किमतीलाच विकला. चार वर्षांचं व्याज गेलं.

सायबर चौकाचा अजून आहे. आता भाडं ११ हजार. मधल्या काळात जमेल तेव्हा मुद्दल भरत गेलो म्हणून हप्ता ८,९०० वर आला. आता तो भाड्यातून फिटतो खरा, पण त्याला दहा वर्षं लागली. त्यामुळे तुमच्याकडे निम्मी रक्कम रोख नसेल, किंवा घर सहा महिने रिकामं राहिलं तर हप्ता भरता येणार नसेल, तर यंदा थांबा, असंच मी म्हणेन.

आणि घ्यायचाच ठरलं, तर टोकन द्यायच्या आधी एकदा एकटेच त्या गल्लीत जा. बिल्डरला नको, तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.