डिप्रेशनसाठी घरी वापरायचा हेडसेट घ्यावा का?
तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: डिप्रेशनसाठी घरी डोक्याला लावायचा हेडसेट घ्यावा का, आणि हा शॉकचाच प्रकार आहे का.

शॉकचा नाही. शॉक म्हणजे ईसीटी. ती भूल देऊन करतात आणि तिच्यात मुद्दाम फिट आणतात. हेडसेटमध्ये असतं टीडीसीएस, म्हणजे कवटीवरून मेंदूला अगदी सौम्य करंट देणं. त्याचा करंट जेमतेम २ मिलीअँपिअर, ईसीटीच्या शेकडो पट कमी. मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरलाय. कपाळाच्या वरच्या बाजूला डावी-उजवीकडे दोन ओले स्पंज टेकवायचे आणि अर्धा तास वाचत बसायचं. सुरुवातीला मुंग्या येतात, खाजतं, नंतर जागा थोडा वेळ लाल राहते. स्पंज सुकू द्यायचा नाही, नाहीतर कातडी भाजू शकते.

आता खरा प्रश्न, उपयोग होतो का? २०२४ मध्ये एकाच वर्षात दोन उलटे निकाल आले. ब्रिटन-अमेरिकेतल्या १७४ जणांच्या चाचणीत दहा आठवड्यांनी खऱ्या यंत्रावरचे सुमारे ४५ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले, तुलनेसाठी दिलेल्या खोट्या यंत्रावरचे सुमारे २२ टक्के. ब्राझीलमधल्या २१० जणांच्या चाचणीत मात्र खऱ्या-खोट्यात फरकच दिसला नाही. खोटं यंत्रही सुरुवातीला थोडा करंट सोडतं आणि मग गुपचूप बंद होतं, त्यामुळे मुंग्या दोघांनाही येतात. तरी त्या २२ टक्क्यांकडे बघा. रोज ठरल्या वेळी बसणं, कुणीतरी विचारपूस करणं, एवढ्यानेही माणूस सावरू शकतो. जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो.

तेव्हा परस्पर मागवू नका. कधी काळी झोप न लागताही अंगात प्रचंड उत्साह, वायफळ खर्च, अखंड बडबड असं झालं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. बायपोलर, म्हणजे मन कधी खूप खाली तर कधी खूप वर जाण्याचा आजार, असेल तर या यंत्रानेही मेनिया, म्हणजे असाच अतिउत्साह, उसळू शकतो. फिट येत असतील, डोक्यात धातू किंवा छातीत पेसमेकर असेल तर तेही सांगा. चालू गोळ्या स्वतःहून थांबवू नका. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर हेडसेटचं राहू दे, आजच डॉक्टर गाठा, घरात कुणालातरी सांगा.

मला फरक पडला का? पडला, हळूहळू. पण गोळ्या आणि काउन्सेलिंगही चालूच होतं, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला द्यायला मी तयार नाही.