जिवाणू प्रथिनांना साखर जोडतात का? पुस्तकात तर ‘नाही’ म्हटलंय, सर ‘हो’ म्हणतात

सर बरोबर आहेत. मी फोंड्याला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो; टी.वाय.च्या वर्गात हा वाद ठरलेलाच.

पुस्तकातला समज अगदी निराधार नाही. इन्शुलिन या प्रथिनाला साखर जोडावी लागत नाही, म्हणून ते ई. कोलाय या जिवाणूत करता येतं. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनला ती लागते, म्हणून ते सस्तन प्राण्यांच्या पेशींत करतात. पण एका ई. कोलायवरून सगळ्या जिवाणूंना हे जमत नाही म्हणायचं, हे काही खरं नव्हे. १९७६ सालीच मेशर आणि स्ट्रॉमिंजर यांनी खारट पाण्यातल्या हॅलोबॅक्टेरियमच्या कवचावरचं प्रथिन ग्लायकोप्रोटीन, म्हणजे साखर जोडलेलं प्रथिन, असल्याचं दाखवलं होतं. (नाव काहीही असो, तो जिवाणू नव्हे, आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखाच केंद्रक नसलेला पण वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव. त्याचे भाऊबंद आपल्या रायबंदरच्या मिठागरातही सापडतात.)

आता आतड्याकडे येऊ. तिथल्या बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या खऱ्या जिवाणूचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. तो आपल्या आतड्यातली फ्यूकोज ही साखर उचलतो आणि स्वतःच्या आवरणावर, प्रथिनांवर चढवतो. २००९ साली कळलं की त्याच्याकडे एक-दोन नव्हे, कितीतरी प्रथिनांना साखर जोडणारी सर्वसाधारण यंत्रणाच आहे. प्रथिनात ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल, त्याला लागून सेरीन किंवा थ्रिओनीन आणि पुढे आणखी ठरावीक अमिनो आम्लांपैकी एक, असा क्रम दिसला की त्या सेरीन-थ्रिओनीनवर साखर बसते. ही यंत्रणा मोडलेला जिवाणू उंदराच्या आतड्यात धडधाकट भावंडांपुढे टिकाव धरत नाही. म्हणजे ही साखर शोभेची नाही.

लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं तंत्र वेगळं. त्यांतल्या प्लँटारम या जातीत एसीएम-२ नावाचं एन्झाइम पेशी विभागताना स्वतःचीच भिंत कापतं; साखर त्याला आवर घालते, कोयत्याला म्यान घालावं तशी. ऱ्हॅम्नोसस जातीच्या जीजी या वाणातल्या एमएसपी-१ या प्रथिनाला मात्र साखर प्रथिनं चिरणाऱ्या एन्झाइमांपासून वाचवते.

तुमचा दुसरा प्रश्न, आपल्याला याचा उपयोग काय. आतड्यात तग धरणारा उपकारक जिवाणू हाच उपयोग. प्रोबायोटिकच्या डबीवर ‘ग्लायकोप्रोटीनयुक्त’ छापलं म्हणून जास्त पैसे मोजू नका. आणि यातली साखर रक्तात जाऊन शुगर वाढेल ही भीतीही सोडा. मधुमेहाच्या तपासणीत मोजतात त्या एचबीए१सी मध्ये ग्लुकोज आपोआप हिमोग्लोबिनला चिकटतं. इथे एन्झाइम मोजूनमापून साखर बसवतं.

प्रकल्पासाठी प्रोबायोटिकच्या कॅप्सूलमधले जिवाणू वाढवून त्यांची प्रथिनं जेलवर (विजेच्या प्रवाहाने पट्ट्यांत वेगळी करून) तपासणार म्हणताय, तर एक धोका सांगून ठेवतो. पिरियॉडिक ॲसिड देऊन शिफ अभिकर्मक घातला की ग्लायकोप्रोटीनचा पट्टा जांभळट गुलाबी होतो. शेजारच्या खणात अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन ठेवा, ते रंगलंच पाहिजे. बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं साखर नसलेलं अल्ब्युमिन, रंगता कामा नये. पण पेशीभित्तिकेतल्या पॉलिसॅकराइडलाही हाच रंग चढतो, त्यामुळे गुलाबी दिसलं की लगेच वहीत ‘ग्लायकोप्रोटीन’ लिहू नका. नमुन्याचा अर्धा भाग प्रोटीनेझ-के हे प्रथिनं चिरणारं एन्झाइम देऊन पुन्हा चालवा. पट्टा नाहीसा झाला तरच ते प्रथिन. जसाच्या तसा राहिला तर तुम्ही भिंतच रंगवलीत.