तालुक्याच्या कलादालनात प्रयोग करायचेत? आधी तारखा मागून घे

प्रश्न : मी बी.एफ.ए. केलंय आणि तीन वर्षं मुंबईत, काळा घोडा परिसरातल्या एका गॅलरीत सहायक आहे. घर सिंधुदुर्गात, तालुक्याच्या गावी. तिथल्या वाचनालयाच्या संस्थेने वरच्या मजल्यावरचं कलादालन सांभाळायला मला बोलावलंय. पगार १८ हजार, म्हणजे इथल्या निम्मा. इन्स्टॉलेशन (वस्तू मांडून अख्खी जागाच कलाकृती करणं), व्हिडिओ, परफॉर्मन्स (कलावंताने लोकांसमोर स्वतः सादर केलेली कृती) हे सगळं गावात न्यायची माझी फार इच्छा आहे. बाबा म्हणतात, ‘तिथे हे बघणार कोण?’ जावं का?
– एक वाचक

उत्तर : बाबांनी विचारलेल्या प्रश्नाची मला फारशी काळजी वाटत नाही. जत्रेला पहाटेपर्यंत बसून दशावतार बघणारी, संहितेशिवाय जागच्या जागी रचलेल्या संवादांना दाद देणारी माणसं आहेत ती. परफॉर्मन्स म्हणजे काय, हे त्यांना मुंबईहून येऊन कुणी शिकवायला नको. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तू गेली नसशील तर आधी तिथे जाऊन ये.

पण मुंबईच्या पांढऱ्या भिंतींवर शोभलेली कामं उचलून गावात टांगलीस, तर मात्र बाबाच खरे ठरतील. न्यायचीच असेल तर तिथली कामाची रीत ने. कलावंताला विषय न देता जागा आणि वेळ द्यायचा, फसलेलं कामही लोकांपुढे ठेवायचं, आणि त्यावर सगळ्यांनी मोकळेपणी बोलायचं. दिल्लीच्या ‘खोज’ या कलावंतांच्या संस्थेची पहिली कार्यशाळा १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मोदीनगरला झाली, दिल्लीत नव्हे. आपले चित्रकार प्रभाकर पाचपुते चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातले. कोळशाने थेट भिंतीवर खाणकामगार रेखाटत ते २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पोचले. विषय त्यांनी घरूनच नेला होता.

तुझ्याकडे काय आहे? श्रावणात रात्री उशिरा एखाद्या गणपतीच्या शाळेत जाऊन बस. पाट ओळीने मांडलेले असतात, हवेला ओल्या मातीचा वास असतो, आणि एकच माणूस मूर्तीमागून मूर्तीचे डोळे आखत जातो. दुसऱ्या कुणाला तो ब्रश देत नाही. बुबुळाचा ठिपका ठेवताना श्वाससुद्धा रोखून धरतो. फक्त त्या हाताचा व्हिडिओ कर आणि चाकरमानी गावात यायला लागले की दालनाच्या अख्ख्या भिंतीवर लाव. आखणी करणाऱ्यालाच बोलायला बोलव. त्याला ‘इन्स्टॉलेशन’ म्हण किंवा म्हणू नकोस. (फलकावर मोठमोठे शब्द लिहायची गॅलऱ्यांना खोड असते, ती मुंबईलाच ठेव.)

मला काळजी आहे ती दालनाची. ते वर्षात किती दिवस खरोखर रिकामं असतं, हे विचारलंस का? अशा बहुतेक दालनांचा खर्च भाड्यावर चालतो. आज साड्यांचा सेल, उद्या नेत्रतपासणी शिबिर, परवा कुणाचा तरी सत्कार. तू महिनाभर जमवलेलं काम ‘दोन दिवसांसाठी जरा बाजूला’ करायला सांगतील, आणि त्यात त्यांचा दुष्टपणाही नसेल. वीजबिल भरायचं असतं. म्हणून त्यांचं भाडं तोडू नकोस, तुझ्या तारखा मागून घे. सुरुवातीला दर तीन महिन्यांत सलग १५ दिवस पुरेत. ते कार्यकारिणीच्या ठरावात यायला हवं. अध्यक्षांनी चहा पिताना दिलेल्या शब्दावर जाऊ नकोस, अध्यक्ष बदलतात. कामांची निवड तुझी, हेही ठरावात घे. नग्नता किंवा देवाधर्माचा विषय असेल तर मात्र आधी समितीला दाखव. उद्घाटनाच्या दिवशी धक्का देण्यात काही शौर्य नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ होऊ दे. त्यावरून भांडण्यात वर्ष फुकट जाईल.

कार्यक्रमांचा खर्च पगाराहून वेगळा माग. प्रोजेक्टर, इन्व्हर्टर, कामांची ने-आण एवढं तरी धर. पावसाळ्यात तिथे कागदाला बुरशी धरते आणि लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा जून ते ऑगस्ट कागदावरची कामं लावूच नकोस. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कलाप्रकल्पांना अनुदान देते, अर्ज मराठीतूनही चालतो. कंपन्यांच्या सीएसआरमध्येही (सामाजिक जबाबदारीच्या निधीत) कला आणि संस्कृती हा विषय बसतो. तो पैसा संस्थेच्या नावावर येईल, म्हणून खजिनदाराशी आधीच बोलून घे. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. समितीतल्या दोघांना तिथे घेऊन जा, तुझी दहा भाषणं वाचतील.

तुझ्या स्वतःच्या हिशेबाचं स्पष्ट सांगतो. नुसत्या १८ हजारांवर जाऊ नकोस. घरभाडं वाचेल हे खरं, पण मुंबईच्या ये-जा खर्चात त्यातलं बरंच जाईल, आणि ती ये-जा बंद केलीस तर ओळखी सुटतील. सध्याच्या गॅलरीला विचार : कॅटलॉगचा मजकूर, कामांच्या याद्या, कलावंतांशी पत्रव्यवहार हे घरून करून देऊ का? अनुभवी माणूस सोडायला गॅलऱ्याही तयार नसतात. मुदत दोन वर्षांची ठेव. प्रत्येक प्रदर्शनाचे नीट फोटो, छोटी पुस्तिका आणि किती लोक आले याची नोंदवही ठेव. पुढे कुठेही क्युरेटर (कामं निवडून प्रदर्शन उभं करणारी व्यक्ती) म्हणून अर्ज केलास तर तेच विचारतील.

एवढं जमत असेल तर जा, माझं मत तसंच आहे. ठरावाची प्रत हातात येईपर्यंत मात्र राजीनामा देऊ नकोस.