त्याला काम काय देणार?

तुझा मेसेज मिळाला, फोटोही पाहिला. दोन महिन्यांचं पिल्लू, एक डोळा निळा, एक तपकिरी, आणि खाली प्रश्न: 'काका, टू बीएचकेत बॉर्डर कोली रमेल ना?' जागेचं नंतर बघू. त्याला काम काय देणार, ते आधी सांग.

हा कुत्रा इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढरं वळण्यासाठी घडवलेला. १८९३ साली नॉर्थम्बरलंडात जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कोलींचा मूळपुरुष. फार न भुंकता, दबकून, नुसती नजर रोखून तो मेंढरं हलवायचा. ती नजर तुझ्या पिल्लातही आहे. मेंढरं नसली तर ती कशावर लावायची हे तू ठरवणार नाहीस, तो ठरवेल.

आमच्या बंड्यानं कवडसा निवडला. सकाळी ओट्यावरच्या ताटावर ऊन पडलं की भिंतीवर उजेड हलायचा. हा पोट फरशीला टेकवून, मान खाली घालून, तासन् तास तिकडेच बघत बसायचा. आम्ही हसलो, व्हिडिओ काढले. पुढे पुढे खाणं ताटलीत तसंच राहायला लागलं, तेव्हा हसू थांबलं.

मग पार्किंगमधली पोरं. ती खेळायला उतरली की हा लांबून वळसा घालून सगळ्यांना जिन्याजवळ गोळा करायचा. जो निसटेल त्याच्या घोट्याला चिमटा. रक्त आलं नव्हतं, हे मी आजही सांगतो. सोसायटीची मीटिंग व्हायची ती झालीच. दोन्ही वेळा तासभर फिरवत होतो गं मी! फिरवणं म्हणजे काम नव्हे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

तू म्हणशील, आपल्याकडे धनगरांचे कुत्रे असतातच की. सासवडजवळ एका शेतात मेंढरं बसवली होती, तिथल्या म्हाताऱ्याला मी हेच विचारलं होतं. त्याचे कुत्रे भर दुपारी गाडग्या-मडक्यांशेजारी पसरलेले. 'रातच्याला लांडगा येतो, तवा बघा यांना,' म्हणाला. मेंढरं तो स्वतः हाकारून वळवायचा. राखण वेगळी, वळणं वेगळं. राखणदाराला पडून राहता येतं, वळणाऱ्याला नाही.

आणखी एक, घेतलंसच तर: कोलींच्या घराण्यात काही कुत्र्यांत एमडीआर१ या जनुकाचा दोष असतो. खरजेसाठी जास्त मात्रेत दिलेलं आयव्हरमेक्टिन अशांच्या जिवावर बेततं. बॉर्डर कोलीत तो कमी आढळतो, तरी तपासणी करून घे. डॉक्टरांना तू होऊन सांग.

बंड्या तिसऱ्या वर्षी भोरकडे मित्राच्या शेतावर गेला. घरात अजून 'टाकला' म्हणतात. टाकला नाही, दिला. तिथं शेळ्या आहेत. महिन्याभरानं भेटायला गेलो तर धावत आला, हात हुंगला, आणि एक शेळी बांधापलीकडे निघालेली दिसताच तसाच वळून गेला. बिस्किटाचा पुडा माझ्या हातातच राहिला. बरं वाटलं, आणि नाहीही.

तुम्ही दोघं नऊ तास ऑफिसात. मंगळवारी दुपारी दोन वाजता तो काय करत असेल? एवढंच लिहून पाठव. तोवर पिल्लाचा ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
काका